आंबेनळीची चढण आणि सायकलीची क्रँक

श्रोतेहो, इतिहासाच्या व्याख्यानाला यावे तर तलवार, तह आणि तख्त यांपैकी काही ना काही कानी पडेल, अशी अपेक्षा धरून आपण येता. आज आम्ही जी वस्तू आपल्यापुढे मांडणार आहोत ती मात्र कोणत्याही पोवाड्यात आलेली नाही. सायकलीच्या पायडलाला मधल्या कण्याशी जोडणारी, वीतभराहून थोडी आखूड अशी पोलादी दांडी आपण सर्वांनी पाहिली आहे. दुकानदार तिला क्रँक म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणू. ही दांडी किती टिकते, कशामुळे टिकते, आणि ती दगा देते तेव्हा नेमके काय होते, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो. परंतु ज्याचे पोट सायकलीवर चालत आले त्या माणसाला विचारले असता तो लहान म्हणणार नाही.

क्रँकची परीक्षा सपाटीवर होत नाही, चढणीवर होते. म्हणून आम्ही उदाहरणादाखल आपल्या परिचयाची एक चढणच घेतली आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळीचा घाट आपल्यापैकी बहुतेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेला असेल. सह्याद्रीत ‘नाळ’ किंवा ‘नळी’ म्हणजे दोन सोंडांमधली अरुंद, उभी घळ. तिच्यातून पाणी उतरते आणि माणूस जिवावर उदार होऊन चढतो. अशा जागी चाक चालत नसे. शिवकाळात या भागातून वर जायचे ते पारघाटाने, पायी किंवा बैलाच्या पाठीवर ओझे लादून. महाड हे सावित्रीच्या काठचे बंदर. तेथे उतरलेला माल, विशेषतः मीठ, लमाणांच्या तांड्यांनी वर जाई. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली आणि १६५९च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचे पारिपत्य झाले, ते सारे नाट्य याच वाटांच्या तोंडाशी घडले. परंतु त्या नाट्यात गाडीचे चाक नाही. पार गावचा कोयनेवरील दगडी पूल त्या काळचा म्हणून दाखवतात. तोही पायांसाठी आणि खुरांसाठी बांधलेला.

चाकाचा रस्ता आला तो इंग्रजी अमदानीत, आणि त्याचे कारण व्यापारापेक्षा साहेबांचा उन्हाळा हे अधिक होते. १८२८-२९च्या सुमारास महाबळेश्वरास थंड हवेचे ठाणे वसले. मुंबईची मंडळी बोटीने कोकणात उतरून वर चढू लागली, आणि त्यांच्या गाड्यांसाठी पुढे जो घाट बांधला गेला त्यास मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड (१८६७ ते १८७२) यांचे नाव मिळाले. साहेबाचे नाव कागदावर राहिले आणि लोकांच्या तोंडी आंबेनळीच टिकली, हे आमच्या मते योग्यच झाले. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे आणि महाबळेश्वराची उंची समुद्रसपाटीपासून १,३७२ मीटर, म्हणजे साडेचार हजार फूट. सरासरी काढली तर दर तीस मीटरांना एक मीटर चढ पडतो. पण घाट सरासरीने चढता येत नाही. काही टप्पे सौम्य, काही छातीवर येणारे. पावसाळ्यात हा रस्ता स्वतःच मोडून पडतो; २०२१च्या जुलैत झालेल्या अतिवृष्टीने तो ठिकठिकाणी खचला होता, हे आपल्या स्मरणात असेलच.

आता क्रँककडे वळू. ही कल्पना परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. आपल्या घरातले जाते पाहा. जात्याचा खुंटा तळीच्या मध्यावर नसतो, कडेला असतो. हात पुढेमागे जातो आणि पाळी गोल फिरते. सरळ रेषेतली ढकल गोल फिरवण्यात बदलणे हेच क्रँकचे सारे काम, आणि ते आमच्या आज्या-पणज्या पहाटेच्या अंधारात करीत आल्या. खुंटा ढिला झाला की पाचर ठोकावी लागते, हेही त्यांना ठाऊक होते. ही पाचर ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मात्र पायाने फिरवायची क्रँक वाहनाला लागली ती फार उशिरा. १८१७ साली जर्मनीत ड्राइस याने दोन चाकांची धावती गाडी केली, तिला पायडलच नव्हते. जमिनीला पाय मारीत जायचे. १८६०नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या कण्याला क्रँक बसल्या. त्याचे श्रेय मिशो यांच्या कारखान्याचे की लालमाँ या कारागिराचे, हा वाद आहे. अमेरिकेतले १८६६चे पेटंट लालमाँच्या नावावर आहे. मग ती उंच चाकाची, पडल्यास मान मोडणारी सायकल आली, आणि १८८५ साली स्टार्ली याच्या ‘रोव्हर’ने क्रँक मध्यभागी आणून साखळीने मागचे चाक फिरवले. तेव्हापासून सायकलीचा सांगाडा बदललेला नाही असे म्हटले तरी चालेल. आपल्याकडे सायकल आली ती बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमच्या शिक्क्यांनिशी: बी.एस.ए., रॅले, हंबर, हर्क्युलिस. बी.एस.ए.च्या चिन्हात तीन बंदुका उभ्या असत, कारण ती मुळात बंदुकांची कंपनी. नळी आतून कोरणे आणि पोलादाला पाणी देणे या दोन विद्या ज्याला बंदुकीसाठी येतात त्याला सायकलीच्या सुट्या भागांत अवघड काय आहे?

स्वातंत्र्याच्या आसपास सायकलीचे कारखाने येथेच उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, मद्रासेजवळ अंबत्तूरला १९४९ साली टी.आय., सोनीपतला १९५१ साली ॲटलास, लुधियानात १९५६ साली हीरो. यांपैकी काही नामशेष झाले. ॲटलासचे उत्पादन २०२० साली थांबले. परंतु या कारखान्यांनी, आणि त्यांच्याभोवती लुधियानात वाढलेल्या शेकडो लहान भट्ट्यांनी, एक गोष्ट साधली. कोणत्याही कारखान्याच्या साध्या काळ्या सायकलीचा बहुतेक भाग दुसऱ्या कारखान्याच्या सायकलीला बसू लागला. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने पुढे सायकलीच्या भागांची मापे ठरवून दिली, त्याचाही हातभार लागला. लुधियानाच्या सायकलीचा भाग महाडच्या बाजारात मिळावा, ही गोष्ट आज कोणाला नवलाची वाटत नाही. पण ती आपोआप झालेली नाही.

आता थोडे अंकगणित करू. त्याविना आमचा मुद्दा कळणार नाही, आणि ते तिसरी-चौथीच्या पलीकडचे नाही. साध्या सायकलीला पुढे ४४ दातांचे चेनव्हील आणि मागे १८ दातांचे फ्रीव्हील धरले, चाक २८ इंची धरले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे पोलादपूरहून महाबळेश्वर गाठायला सात हजारांहून अधिक फेरे. फेरा म्हटला की प्रत्येक क्रँकवर एकदा पायाचा दाब आलाच. आता दाब किती? दातांच्या आणि लांबीच्या प्रमाणामुळे चाकाच्या कडेला एक किलोचा ओढा हवा असेल तर पायडलावर सरासरी पाच किलो भार द्यावा लागतो. स्वार ६५ किलोचा आणि सायकल २० किलोची धरू. पंधरास एक अशा चढणीवर या ८५ किलोंना वर खेचायला, घर्षण धरून, साडेसहा किलोंच्या आसपास ओढा लागतो. पायडलावर सरासरी तेहतीस. परंतु पाय खाली जाताना मध्येच खरा जोर लागतो, वर-खाली टोकांशी लागत नाही. म्हणून त्या मधल्या क्षणी भार पन्नास किलोंपर्यंत जातो. आता कॅरिअरवर चाळीस किलोंचे ओझे चढवा. तोच आकडा पंचाहत्तरच्या घरात जातो, म्हणजे स्वाराच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. मग तो काय करतो? हँडल उराशी ओढून उभा राहतो, दोन-चार फेरे मारतो, आणि खाली उतरून सायकल ढकलू लागतो.

हे उतरणे म्हणजे हार असे मुलांना वाटते. वस्तुतः क्रँकचे आयुष्य पुष्कळ अंशी या उतरण्यावर अवलंबून राहिले आहे. माणूस आपल्या वजनाहून फारसा अधिक भार पायडलावर देऊ शकत नाही, देऊ लागला तर उतरतो. साध्या सायकलीची क्रँक घडवणाऱ्याने हीच मर्यादा धरून ती घडवली. दुधाच्या किटल्या बांधलेला गवळी, पहाटेचा पाववाला, भंगारवाला, टपालवाला, यांच्या सायकली वर्षानुवर्षे चालल्या. त्याचे रहस्य केवळ जाड लोखंडात नव्हते, चढ दिसताच खाली उतरणाऱ्या शहाणपणातही होते.

तरीही काहीतरी झिजतेच, आणि साध्या सायकलीत ते काय झिजावे हे आधीच ठरवून ठेवलेले असते. ते म्हणजे कॉटर. ज्यांनी भाड्याच्या सायकली तासावर फिरवल्या त्यांना कॉटर म्हणजे काय हे सांगायला नको. परंतु तरुण मंडळींसाठी सांगतो. मधल्या गोल कण्याच्या दोन्ही टोकांना एकेक सपाट खाच असते. क्रँकच्या जाड टोकाला कणा बसण्याचे भोक, आणि त्याला आडवे छेदणारे दुसरे बारीक भोक. त्या बारीक भोकातून करंगळीहून बारीक, एका अंगाने तिरकी तासलेली खुंटी ठोकतात. तिचे तिरके अंग कण्याच्या खाचेवर घट्ट बसते आणि क्रँक कण्याला जखडली जाते. म्हणजे जात्याच्या खुंट्याला मारलेली तीच पाचर! टोकाला नट असतो, पण भार नट घेत नाही. पाचर ठोकूनच बसवायची असते. नट केवळ ती मागे सरकू नये म्हणून. नटानेच ओढून बसवू पाहणाऱ्याचे आटे जातात आणि आठ दिवसांत क्रँक पुन्हा हलू लागते. जाणता कारागीर क्रँकखाली लोखंडाचा ठोकळा किंवा पाइपाचा तुकडा टेकवतो आणि मगच हातोडी मारतो, नाहीतर घाव छर्ऱ्यांवर जाऊन वाटीला खळगे पडतात.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. चेनव्हील उजव्या क्रँकलाच पक्के बसवलेले असते. म्हणून उजव्या पायाचा फिरवता जोर उजव्या क्रँकमधून थेट चेनव्हीलला जातो. तो कॉटरला भेटतच नाही. डाव्या पायाच्या जोराला मात्र डावी क्रँक, डावा कॉटर, कणा, उजवा कॉटर असा सारा प्रवास करून चेनव्हील गाठावे लागते. तात्पर्य, दोन्ही कॉटर झिजतात ते डाव्या पायाच्या कष्टाने. ‘उजवा कॉटर नवा घातला तरी टक-टक जात नाही’ ही तक्रार घेऊन जो दुकानात येतो त्याला दुकानदार दुसऱ्या बाजूने हातोडी लावून का दाखवतो, त्याचे कारण हे आहे.

आणि कॉटरचे पोलाद कण्याच्या पोलादापेक्षा मऊ असते. दोघांत झुंज लागली तर मऊ झिजणार आणि कठीण शाबूत राहणार. अगदी थोड्या पैशांची खुंटी मरते आणि महागडा कणा वाचतो. ती मरताना आवाज देते, पायडल माथ्यावरून पुढे येताना ‘टक्’. ज्याने तो आवाज ऐकून दुर्लक्ष केले त्याची कण्याची खाच गोल होते, आणि मग कितीही कॉटर बदला, उपयोग नाही.

आवाज न देता मोडणे हा दुसरा आणि अधिक घातक प्रकार. त्याचा शोध सायकलीवर लागला नाही, रेल्वेवर लागला. १८४२च्या मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. चांगला दिसणारा, नेहमीचेच ओझे वाहणारा आस अचानक का मोडावा, हे कोणास कळेना. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील व्होलर या अभियंत्याने वर्षानुवर्षे आस फिरवून, वाकवून, मोडून पाहिले आणि १८७०पर्यंत त्याचा निष्कर्ष जगापुढे आला. एका वेळेस जे ओझे पोलाद सहज उचलते, तेच ओझे लाखो वेळा दिले तर ते मोडते. परंतु ओझे एका मर्यादेच्या खाली ठेवले तर पोलाद जवळजवळ अमर ठरते. यालाच आज धातूचा थकवा म्हणतात. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही, म्हणून ॲल्युमिनियमच्या क्रँकला आयुष्य धरूनच चालावे लागते.

थकलेली क्रँक मोडते ती बहुधा पायडलाच्या भोकाशी किंवा कण्याच्या टोकाशी. जेथे भोक, कोपरा किंवा ओरखडा आहे तेथे ताण एकवटतो आणि केसाएवढी चीर पडते. चीर रोज थोडी सरकते. तुटलेला तुकडा हाती घेऊन पाहिला तर अर्धा भाग गुळगुळीत, काळपट, पाण्याच्या लाटांसारख्या रेघांचा दिसतो आणि उरलेला भाग ताजा, चकचकीत, खडबडीत. काळपट भाग जुन्या चिरेचा, चकचकीत भाग अखेरच्या झटक्याचा. एखादा ताम्रपट वाचावा तसा हा तुकडा वाचता येतो. महिने किती गेले ते सांगत नाही, पण दोष शेवटच्या खड्ड्याचा नव्हता एवढे निःसंशय सांगतो. घाटात उभा राहून पायडल मारणाऱ्याच्या डाव्या पायाखालची क्रँक अशी गेली तर तो डावीकडे कोसळतो, आणि आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या अंगाला कधी कडा असतो, कधी दरी.

साधी सायकल किती चालू शकते याचा पुरावा मुंबईकरांनीच दिला आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगाच्या प्रदक्षिणेला सायकलींवर निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटरांचा हा प्रवास. वर केलेले गणित लावले तर प्रत्येकाच्या क्रँकचे सव्वा कोटीहून अधिक फेरे होतात. डोंगर, वाळवंट, अरण्य सर्व त्यात आले. या तिघांची नावे आपल्या शाळांच्या पुस्तकांत ठळकपणे का नाहीत, हे आम्हांस कधी उमगलेले नाही.

दुसरा पुरावा युद्धातला. १९४१-४२च्या हिवाळ्यात मलायात उतरलेल्या जपानी पायदळाने सायकलींवरून मजल मारली. टायर फुटले तर नुसत्या रिमवर ते चालले. त्यांना सुटे भाग कोठून मिळत? त्याच देशातल्या बाजारांतून; कारण जपानने युद्धापूर्वी स्वस्त सायकली मलायात विकून ठेवल्या होत्या आणि गावोगावच्या दुकानांत त्यांचे भाग पडलेले होते. यंत्राचा टिकाऊपणा त्याच्या पोलादात किती आणि वाटेवरच्या दुकानात किती, याचा हिशोब त्या मोहिमेत इंग्रजांना महागात पडला.

इथवर आपण जे टिकाऊपण पाहिले ते दुरुस्तीचे. सायकलीच्या इतिहासात दुसरा एक प्रवाह आहे, तो मोडूच नये अशा क्रँकचा, आणि त्याचा उगम मुलांच्या दांडगाईत आहे. १९७०च्या आसपास अमेरिकेत कॅलिफोर्नियातली मुले मोटारसायकलींच्या धूळमातीतल्या शर्यती पाहून आपल्या लहान चाकांच्या सायकली उड्या मारीत पळवू लागली. या खेळाला बी.एम.एक्स. हे नाव पडले. वीस इंची चाक, आखूड सांगाडा, एकच गिअर. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये त्याची शर्यत आली, आणि टोकियोच्या खेळांत, जे २०२१ साली झाले, त्याच्या कसरतीही आल्या. आपल्याकडेही त्या धाटणीच्या सायकली मुलांसाठी निघाल्या, पुष्कळदा नावापुरत्या.

आता यांत क्रँकवर काय बेतते ते पाहा. घाट चढणारा आपल्या वजनाच्या मर्यादेत असतो, असे आपण म्हटले. उडी मारणाऱ्याला ती मर्यादा नाही. दीड मीटरवरून खाली आलेल्या मुलाने गुडघे-कोपरे वाकवून अर्ध्या मीटरात आपला वेग जिरवला, तरी त्याला थांबवणारे सरासरी बळ त्याच्या वजनाच्या चौपट भरते. ६५ किलोंचे २६० झाले, आणि त्यातला मोठा वाटा दोन पायडलांवर. शिवाय उतरताना दोन्ही क्रँक आडव्या असतात, एक पुढे, एक मागे. पुढचा पाय कण्याला एका दिशेने पिळतो, मागचा उलट दिशेने. ओले धोतर दोघांनी पिळावे तसा मधला कणा पिळला जातो. अशा ठिकाणी आपला बिचारा कॉटर काय करणार? पहिल्या उडीला चेपेल, दहाव्या उडीला निसटेल.

सुरुवातीला या मुलांच्या सायकलींना जी क्रँक होती ती अगदी वेगळ्या घराण्याची. ओहायो राज्यातल्या ॲश्टबुला या गावाच्या नावाने ती ओळखली जाते. दोन्ही बाजूंच्या क्रँक आणि मधला कणा ही एकच पोलादी सळई, तापवून नागमोडी वाकवलेली. सांधाच नाही, मग सांधा ढिला होणार कोठून? ती जड असते, पण तिचा एक मोठा गुण म्हणजे ती बहुधा तुटण्याआधी वाकते. वाकलेली क्रँक पाहून मुलगा घरी चालत येतो. तुटलेलीवरून तो उचलून आणावा लागतो. आमच्या मते हा गुण हलकेपणाहून मोठा.

परंतु वाकणेही शर्यतीत परवडत नाही. म्हणून १९८०च्या सुमारास रेडलाइन, प्रोफाइल अशा अमेरिकी कारखान्यांनी क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या पोकळ नळीच्या क्रँक काढल्या. पोकळ म्हणजे कमकुवत, असे कोकणच्या माणसाला पटवू जाऊ नये. त्याने बांबू पाहिलेला आहे. सोळा मिलिमीटर जाडीची भरीव सळई घ्या, आणि तेवढ्याच वजनाची, पण बावीस मिलिमीटर जाडीची पोकळ नळी घ्या. पीळ सोसण्याची नळीची ताकद सळईच्या दुप्पट भरते, कारण मधले लोखंड पिळाच्या कामी फारसे येतच नाही. आणि सांध्याला पाचरीऐवजी दात आले. कण्याच्या टोकाला बारीक दात कापायचे, प्रोफाइलच्या कण्याला असे ४८ दात असतात, आणि क्रँकमध्ये तसेच खाचे. जो भार कॉटरच्या एका सपाट अंगावर येई तो अठ्ठेचाळीस अंगांवर वाटला गेला. मधल्या काळात, १९३३ साली, फ्रान्समधल्या स्ट्राँगलाइटने चौकोनी, निमुळत्या टोकाच्या कण्याची कॉटरविरहित क्रँक काढली होती. आजच्या आपल्या पुष्कळ गिअरच्या सायकलींना तीच आहे. तिच्यातही तत्त्व पाचरीचेच, फक्त पाचर म्हणजे कणाच. आज नव्या क्रँकला यंत्रावर चढवून पाहतात. डोंगरी सायकलीच्या क्रँकवर सुमारे १८०० न्यूटन, म्हणजे १८० किलोंहून थोडे अधिक बळ एक लाख वेळा देतात. व्होलरने आसांवर केले तेच, फक्त विजेच्या गतीने. एक लाख फेरे हा आकडा मोठा वाटतो. आपल्या गणिताने त्या आंबेनळीच्या चौदा खेपा झाल्या. परंतु घाटात भार पन्नासाचा, यंत्रात एकशे ऐंशीचा. थकव्याच्या हिशोबात हा फरक जमीन-अस्मानाचा आहे.

तर मग प्रश्न असा की टिकाऊ कोणती? बी.एम.एक्स.ची दातेरी क्रँक उडी सोसते यात शंका नाही, आणि ज्याला उड्या मारायच्या आहेत त्याने तीच घ्यावी. परंतु तिचा दात झिजला किंवा चौकोनी टोकाची क्रँक ढिली पडली, तर ती काढायला खास ओढणी लागते. नुसता पाना आणि हातोडी घेऊन बसलेल्या कारागिराला ती हलत नाही, आणि नवा भाग तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. कॉटर मात्र खिशातल्या चिल्लरीत मिळणारा आणि दगडानेही ठोकता येणारा. लोक जुन्या सायकलीला ‘शंभर वर्षे चालणारी’ म्हणत, त्यात अतिशयोक्ती होती. ती शंभर वेळा दुरुस्त होणारी होती.

हा भेद आज केवळ शौकाचा राहिलेला नाही. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सायकली दिल्या जातात. सायकल एकदा मिळते. कॉटर पुनःपुन्हा लागतो. डाव्या क्रँकचा ‘टक्’ दुरुस्त करणारा वाडीच्या वाटेवर कोणी नसेल तर सायकल ओटीवर टेकून राहते आणि मुलगी पुन्हा पायी निघते, किंवा निघतच नाही. सायकली किती वाटल्या याचे आकडे आम्ही वर्तमानपत्रांत वाचतो. त्याच गावांत सायकलीचे दुकान आहे की नाही, हा रकाना त्या तक्त्यात आम्हांस कधी दिसला नाही. सरकारने सायकलीबरोबर चार कॉटर, एक पाना आणि ते ठोकायची अर्ध्या तासाची शिकवणी दिली तरी आमची हरकत नाही. मुलींना ते जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी जात्याला पाचर कोण मारीत असे ते आठवावे.

आता आंबेनळी चढणाऱ्यांत मुंबई-पुण्याचे हौशी सायकलस्वारही दिसतात, रंगीत टोप्या घातलेले. त्यांच्या सायकलींना गिअर असतात. पुढचे आणि मागचे दात सारखे करून चढले तर एका फेऱ्यात जेमतेम सव्वादोन मीटर जाता येते, म्हणजे सात हजारांऐवजी अठरा हजारांच्या आसपास फेरे पडतात. पण पंधरास एक चढणीवरचा पन्नास किलोंचा भार विसावर येतो. फेरे अडीचपट आणि भार अडीच हिश्श्यांतला एक. व्होलरचे ऐकले तर क्रँकच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा आहे, आणि गुडघ्यांच्या दृष्टीनेही असावा.

गिअर नसलेली जुनी काळी सायकल घेऊन जो कोणी या वाटेला जाईल त्याने पोलादपूर सोडण्यापूर्वी दोन्ही क्रँक आडव्या कराव्यात, पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि दोन्ही पायडलांवर हाताने एकदम जोर द्यावा. एक बाजू किंचित खाली बसली किंवा टक् असा आवाज आला तर बाजारातच थांबून डावा-उजवा असे दोन्ही कॉटर बदलून घ्यावेत, एकच बदलू नये. आणि वीस-पंचवीस किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळावा, कारण नवी पाचर पहिल्या चढणीवर थोडी आत बसतेच.